ओळीपाशी अडलेली ओवी

विनताचं पत्र आलं तेव्हा शालिग्रामांनी ते उभ्याउभ्याच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं, आणि घडी घालून शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर लिहायचं राहून गेलं, असं ते पुढे स्वतःला सांगत. पण राहून जाणं वेगळं आणि न धजणं वेगळं, एवढं त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

पत्र जबलपूरजवळच्या पाटनहून आलं होतं. अक्षर शाळेतल्या बाईसारखं गोल, मराठी अडखळती.

‘काका, सादर नमस्कार. माझी मराठी टूटी-फूटी आहे, माफ करा. मी सत्यभामाबाईंची मुलगी. आम्ही पहिले फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आईला लकवा झाला आहे. ती बोलत नाही. फक्त नर्मदामाय म्हणते आणि रुकते. सगळ्यांना वाटलं की तिला नर्मदाजीवर जायचं आहे. भैयाने गाडी करून ग्वारीघाटला नेलं, पाय पाण्यात बुडवले. ती अजूनच रडली. मग वाटलं की जाण्याची वेळ आली, तर तोंडात नर्मदाजल टाकलं. तिने ते थुंकून दिलं. काका, मला वाटते ती ओवी आहे. मी लहान होती, जात्याजवळ झोपत होती. सुरुवातीला नर्मदामाय आणि एकदम शेवटी आईची, एवढंच आठवते. मधलं काहीच नाही. आई माझ्या तोंडाकडे पाहते, जशी पुढची ओळ मला येतच असेल. तुमच्या टेपमध्ये ती ओवी असेल तर लिहून पाठवा. मी तिला म्हणून दाखवीन.’

खाली पत्ता होता. फोन नंबर लिहायचा बहुधा ती विसरली होती.

टेपचं प्रकरण जुनं. शालिग्राम तेव्हा जबलपुरात कारखान्याच्या ग्रंथालयात होते. क्वार्टरांमध्ये विदर्भातून आलेली पुष्कळ घरं होती. पुरुषमाणसं भोंग्याबरोबर पाळीवर जात आणि बायका मागे जात्यावर बसत. मग चौकात पिठाची गिरणी आली आणि जाती एकेक करून न्हाणीघराच्या पायरीला लागू लागली. जात्याबरोबर ओव्याही जाणार, हे शालिग्रामांच्या ध्यानात आलं. त्यांनी पगारातून एक टेपरेकॉर्डर घेतला, आणि मग लक्षात आलं की परक्या बायकांपुढे उभं राहून ‘गा’ म्हणणं आपल्या बापजन्मी जमायचं नाही.

निभावून नेलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीने, शकूने. सुटीच्या दिवशी दोघं निघत. शकु माइक घेऊन आत जात्यापाशी बसे. माइकची लांब वायर खिडकीतून बाहेर येई आणि बाहेर ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून, शालिग्राम मशीन मांडीवर घेऊन बसत. बायकांना बुवा दिसत नसे, बुवाला बायका दिसत नसत. नावंही कोणी सांगत नसे. टेपवर गेलेलं नाव कुठे कुठे वाजेल, काय सांगावं? त्यामुळे कॅसेटवर शालिग्राम एवढंच लिहीत, दुसरी लाइन, निंबाजवळचं घर. ते घर सत्यभामाबाईंचं, एवढं शकूकडून कळलं होतं; त्यांचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना ठाऊक होता तो त्यांचा आवाज, आणि आवाजापेक्षा जास्त त्यांचा दम. बाईंना दम्याचा त्रास होता. दोन शब्द म्हणत, थांबत, जातं तेवढं घरघरत राही, मग पुढचे दोन शब्द येत.

निवृत्त झाल्यावर शालिग्रामांनी अधारतालच्या घरी कॉम्प्युटर घेतला आणि त्या सगळ्या कॅसेटी ऐकून ओव्या उतरवून काढल्या. उतरवताना त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला होता. बाई जिथे श्वास घेईल तिथे ओळ तोडायची. ओवी दोनच ओळींत छापायची पद्धत आहे हे त्यांना माहीत होतं. पण दोन ओळींत घातली की सगळ्या बायका एकाच बाईसारख्या दिसायला लागत. श्वासाशी ओळ तोडली की कागदावरही कोण धापा टाकत होती, कोण हसत होती, कोण एका दमात म्हणून मोकळी झाली, ते कळायचं. जन्मात स्वतःच्या डोक्याने केलेली ही एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. कॅसेटींना पुढे एका पावसाळ्यात बुरशी लागली आणि उरली ती फक्त फाइल.

फाइल एवढी मोठी झाली की त्यात काही शोधायचं म्हणजे नदीत अंगठी शोधण्यातला प्रकार. म्हणून म्हातारपणी त्यांनी प्रोग्रॅमिंगचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातलं रेग्युलर एक्स्प्रेशनचं प्रकरण वाचून ते लहान मुलासारखे हरखले. अख्खा मजकूर आठवायची गरज नाही! सुरुवात सांगा, शेवट सांगा, मध्ये एक टिंब आणि एक चांदणी ठेवा. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, चांदणी म्हणजे असली कितीही. मधलं विसरलेलं असलं तरी यंत्र शोधून देतं.

विनताचा प्रश्न तर जसा काही त्या प्रकरणासाठीच काढलेला. पत्र आलं त्याच दुपारी त्यांनी लिहिलं:

नर्मदामाय.*आईची

आणि बटण दाबलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, यंत्र चुकलं. शालिग्रामांच्या मनात तसं यायला जागाच नव्हती. चुकणारा माणूस घरात एकच होता. एकदा ओट्यावर बसून रेकॉर्डिंग करताना पॉझचं बटण दाबलेलंच राहिलं होतं आणि कोणाच्या तरी ओव्या वाऱ्यावर गेल्या होत्या, हे त्यांना आठवलं. कोणाच्या, ते आठवेना. मग त्या सत्यभामाबाईंच्याच असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. फाइलीतलं निंबाजवळचं घर काढून डोळ्यांनी वाचावं असा विचार आला होता, पण वाचून खात्री करून घ्यायचं धैर्य झालं नाही. आणि लिहिणार काय? तुझ्या आईने धापा टाकत म्हटलेली ओवी माझ्या अंगठ्याखाली गेली, असं? आज लिहू, उद्या लिहू करता करता पत्रावर दोन वर्षं गेली.

*

यंदा मराठी मंडळाने ओव्यांची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. मंडळाचे सचिव बाबाराव घरी येऊन सांगून गेले, “निवडून द्या भैया चांगल्या चांगल्या. आणि प्रस्तावना लहान लिहा, नाही तर लोक तेवढीच पाहून ठेवून देतात.”

शालिग्राम कॉम्प्युटरपाशी बसले. शकु शेजारी मेथी निवडत होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती आणि भावाची चेष्टा करणं हा तिच्या दिवसाचा नेमाचा भाग होता.

“माही टाकजो त्याच्यात,” ती म्हणाली.

“तुझी कोणती?”

“अरे वा! विसरला? बायका लाजत होत्या म्हणून पहिले मी म्हणून दाखवली होती ना. तुह्यावरच केली होती.” आणि मेथीची काडी मोडत तिने म्हणून दाखवली,

“भाऊ माहा ओट्यावर, चोरावानी बसे बाई,
बहिनीच्या हाती दोरी, त्याच्या तोंडी शब्द नाही!”

शालिग्रामांना हसू आलं. त्यांनी ‘भाऊ माहा’ लिहिलं, टिंब आणि चांदणी ठेवली, ‘शब्द नाही’ लिहिलं, बटण दाबलं.

“नाही सापडत,” ते म्हणाले.

“काहून नाही सापडत?”

“नसेल टेप झाली.”

“असं कसं नसन? तू मले घरी आल्यावर ऐकवली होती. आईनं ऐकली, आई किती हसली होती! चहा सांडला होता तिच्या हातचा.”

“मग मी टाइप करताना गाळली असेल.”

शकूने मेथी खाली ठेवली. “दादा, तुह्यं एक मोठं नवल आहे. काही हरवलं की तूच हरवलं, काही फुटलं की तूच फोडलं. त्या डब्याचंही कधी चुकत असन की नाही? वाच ना डोळ्यांनी! निंबाजवळच्या घराच्या पहिले होती माही, त्याच दिवशीची.”

तिच्यापुढे ‘नको’ म्हणण्यापेक्षा वाचणं सोपं होतं. त्यांनी फाइल सरकवत नेली. आणि ओवी होती. ढळढळीत होती. फक्त पाच ओळींत होती, कारण मध्येच शकूला हसू फुटलं होतं आणि तिच्या प्रत्येक हसण्याला त्यांनी इमानाने ओळ तोडली होती.

“पाह्य आता!” शकु म्हणाली. “मी म्हणत होती ना?”

शालिग्राम उठले. कपाटातून पुस्तक काढून त्यांनी ते प्रकरण उघडलं. ओळ संपते तिथे मजकुरात एक न दिसणारी खूण असते. टिंबाला सगळी अक्षरं चालतात, ती एक खूण सोडून. तिच्यापाशी आलं की टिंब अडतं, ओळीचा काठ ओलांडत नाही. ओलांडायला लावायचं तर तसं वेगळं सांगावं लागतं. त्या सूचनेचं नाव डॉटऑल. पुस्तकात हे वाक्य होतं, आणि त्याखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ त्यांचीच होती.

ज्या श्वासांना जपण्यासाठी त्यांनी ओळी तोडल्या होत्या, त्याच ओळींपाशी शोध थांबत होता. एका दमात म्हणणाऱ्या बायका सगळ्या सापडत होत्या. धापा टाकणारी एकही सापडत नव्हती.

“दादा, काय झालं? चेहरा काहून असा केला?”

“शकु,” ते म्हणाले, “ते पाटनचं पत्र.”

तिला पत्राचं ठाऊक होतं. ओवी नाही म्हणून भावाने कळवलं असेल, अशी तिची समजूत होती. ती खुर्ची जवळ ओढून बसली.

शालिग्रामांनी जुना साचा पुन्हा लिहिला आणि डॉटऑल लावून बटण दाबलं. यावेळी यंत्राने काठ ओलांडला, आणि ओलांडला तो थांबेचना. पडद्यावर ओव्यांचा लोंढा सुरू झाला. फाइलीतली पहिली नर्मदामाय जिथे होती तिथून, फाइलीतलं शेवटचं ‘आईची’ जिथे होतं तिथपर्यंत, मधल्या सगळ्या बायका, त्यांची सासरं, त्यांचे भाऊ, त्यांचे देव, सगळं एकाच ओवीत येऊन पडलं.

“अगं बाई! हा तर पूर आला,” शकु म्हणाली.

चांदणी हावरट असते. घेता येईल तेवढं घेते. पुस्तकात त्यावरही उपाय होता, चांदणीपुढे एक प्रश्नचिन्ह ठेवायचं; मग ती पहिल्या ‘आईची’पाशीच हात आखडते. त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवलं. लोंढा ओसरला आणि थोडे तुकडे उरले. काही तुकड्यांत दोन-तीन बायका एकमेकींत शिरल्या होत्या, कारण जबलपुरात पुष्कळ ओव्या नर्मदेपासूनच सुरू होतात. उरलेलं काम आता डोळ्यांचं होतं. ते एकेक तुकडा वाचत गेले. एका तुकड्याच्या शेपटाला, ‘दुसरी लाइन, निंबाजवळचं घर’ या शब्दांखाली, ती होती.

नर्मदामाय
जाते, तिले
घाई
समिंदराची
कोन सांगन
माहेराले, लेक
सुखी गं
आईची

वाचताना शालिग्रामांच्या कानात जात्याची घरघर आली. नर्मदा वऱ्हाडाकडे जातच नाही. ती पश्चिमेकडे समुद्राला जाते. तिच्याजवळ माहेराला निरोप द्यावा म्हटलं तर ती थांबायला तयार नाही. आणि अशा बाईला पोरांनी त्याच नदीत पाय बुडवायला नेलं होतं, तेच पाणी तिच्या तोंडात घातलं होतं. ती रडणार नाही तर काय करणार?

“आता घाई कर,” शकु म्हणाली. “पाटन काय दूर आहे? बसमध्ये बस आणि जा. त्या पोरीले हातात दे.”

“आधी बाबारावांना विचारतो. त्या आहेत की...”

बाबारावांना क्वार्टरमधल्या साऱ्या घरांची खबर असे. फोनवर ते मोठ्याने बोलत, त्यामुळे शकूलाही सगळं ऐकू येत होतं.

“सत्यभामाबाई? चिंतामणीची बायको? अरे भैया, त्या तर गेल्या! तुम्हाले नाही माहीत?”

“केव्हा?”

“मागच्या पोळ्याच्या पहिले. लय दिवस पडून होत्या बिचाऱ्या. दीड-दोन साल. बोलणं गेलं होतं ना, नुसतं नर्मदामाय, नर्मदामाय करत. मोठी पुण्यवान बाई! शेवटपर्यंत तोंडात मैयाचं नाव. काहून, पुस्तिकेत श्रद्धांजली टाकायची का? चलो, लिहून पाठवा.”

“नाही,” शालिग्राम म्हणाले. “नाही. असंच विचारलं.”

फोन ठेवून त्यांनी शब्दकोशातलं पत्र काढलं आणि वरची तारीख पाहिली. पत्र आलं त्यानंतर बाई दीड वर्ष होत्या. दीड वर्ष त्या रोज सुरुवात करत होत्या आणि लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या. लोकांनी त्याचं पुण्य करून टाकलं होतं.

*

पुढचे काही दिवस ते नीट जेवले नाहीत. शकूने त्यांना बोलतं केलं ते एका सकाळी, चहा पुढे ठेवून.

“लिहिलं का पत्र?”

“आता काय उपयोग? जिला ऐकवायची ती गेली. त्या मुलीने मनाची समजूत घालून घेतली असेल. आता मी कळवणार की ओवी होती, तुझी आई जिवंत होती तेव्हाही होती. तिला दुःखच द्यायचं ना? आणि ते कशासाठी, तर माझं मन हलकं व्हावं म्हणून.”

“झालं तुह्यं?” शकु म्हणाली. “दादा, आपली आई गेली तेव्हा तिच्या हातचं लोणचं किती दिवस पुरवून खाल्लं आपण? आई गेली म्हणून बरणी फेकून दिली का? तिचं आहे ते तिले दे. तिले रडायचं असन तर रडू दे. ते तिचं रडणं आहे, तू काहून धरून ठेवतो?”

“ती विचारील, तेव्हा का नाही पाठवलीत?”

“विचारील. विचारणारच. मग सांग.”

“काय सांगू?”

“जे आहे ते. पण तो टिंबाचा किस्सा नको सांगू बाप्पा. त्या पोरीले काय करायचं आहे तुह्यं टिंब?”

त्यांनी मात्र टिंबापासूनच सुरुवात केली. पहिल्या कागदावर ओळ, खूण, डॉटऑल, हावरट चांदणी सगळं समजावून लिहिलं आणि वाचून पाहिलं. सगळं खरं होतं. तरी वाचताना वाटत होतं की एक माणूस यंत्राच्या आड उभा राहून बोलतो आहे, जसा पूर्वी भिंतीच्या आड बसत होता. टिंबाने फसवलं ते एका दुपारी. नंतरची दोन वर्षं टिंबाची नव्हती. तो कागद त्यांनी फाडला. दुसऱ्या कागदावर इतक्या वेळा क्षमा मागितली गेली की त्या मुलीलाच त्यांची समजूत घालायला पत्र लिहावं लागलं असतं. तोही फाडला.

तिसरा कागद असा झाला.

‘चि. विनता, आशीर्वाद.

तुझ्या आईची ओवी माझ्यापाशी आहे. तुझं पत्र आलं तेव्हाही होती. मी ती नीट शोधली नाही, आणि सापडली नाही हे कळवायला लाजलो. आई गेल्याचं मला आत्ता कळलं. तुला जे तेव्हा हवं होतं ते आता पाठवतो आहे. यापेक्षा वाईट गोष्ट माझ्या हातून झालेली नाही.

तू बरोबर होतीस. ती नदी मागत नव्हती. ओवीच म्हणत होती.

खाली जशी तिने म्हटली तशीच लिहिली आहे. जिथे ओळ तुटते तिथे तिने श्वास घेतला होता. म्हणताना तूही तिथे थांब.’

आणि त्याखाली त्यांनी त्या आठ ओळी लिहिल्या. शेवटची लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि नाव घातलं. शकूने कागद हातात घेतला, चष्मा लावून ओठ हलवत वाचला. कोणत्या ओळीशी तिचे ओठ थांबले ते शालिग्रामांनी पाहिलं नाही.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “एक भी शब्द नको बदलू.”

“आणि मुलीने पत्ता बदलला असेल तर?”

“मग परत येईल. मग आपण जाऊ. दोघं जाऊ. चल, आता काढ तो पत्ता.”

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीवरच्या माणसाने लिफाफा तोलला आणि पत्ता वाचून विचारलं, “पाटन? बाबूजी, स्पीड पोस्ट कर दूँ? कल पहुँच जाएगी।”

घाई आता कोणाला होती? मागे कोणीतरी खाकरलं.

“हाँ,” ते म्हणाले. “कर दीजिए।”

माणसाने लिफाफ्यावर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि तो मागच्या थैलीत टाकला. शालिग्राम पावती घेऊन बाजूला झाले.